रांजणात हात घालणारी डॉक्टरीणबाई

कुणाच्याही घरी गेल्या की डॉक्टर गोदावरीबाई आधी रांजणाचं झाकण काढत. आजारी माणूस नंतर. हात खोल घालून आतली कड चाचपत. राजापेठेतल्या बायकांना त्यांच्याखेरीज दुसरा डॉक्टर चालत नसे, पण या सवयीला मात्र सगळ्या वचकून असत.

मी तेव्हा शाळेत नवी शिक्षिका होते. लघवीची जळजळ आणि हुडहुडी भरून ताप, हे दुखणं बरं होई आणि पुन्हा येई. ‘सारख्या रजा घ्यायच्या तर नोकरी सोडा,’ असं हेडमास्तरांनी बजावलं होतं. गोदावरीबाईंच्या गोळ्यांनी ताप उतरला आणि पुन्हा उलटला. त्या घरी आल्या.

“उरलेल्या गोया कुठं हायेत?”

“बरं वाटलं म्हणून थांबवल्या. वहिनीलाही जळजळ होत होती, तिला दिल्या.”

“वा! संक्रांतीचं वाण वाटून राह्यली काय?”

माझा हात धरून त्यांनी आमच्याच रांजणात घातला. कड बुळबुळीत लागली.

“पाणी रोज बदलता, तरी हे बसलंच नं? जंतूबी आत असेच चिकटून बसत असतील. पुस्तकात नाही हे, मले वाटते. वरचं पाणी बदलून भागत नाही, घासा लागते. गोया पुऱ्या खाय, आन पाणी पी.”

पाण्याचीच पंचाईत होती. शाळेत बायकांना जायला जागा नव्हती, म्हणून मी संध्याकाळपर्यंत घोटही घेत नसे. हे मी बाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या शाळेत हजर.

“हेडमास्तर, तुमी कुठं जाता?”

त्यांनी ओशाळून मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

“आन ह्या बाईनं कुठं जावं? नोकरी सोडून घरी?”

दिवाळीच्या सुट्टीत तिथे टिनाचा आडोसा उभा राहिला. मी गोळ्या संपवल्या, पाणी पिऊ लागले. दुखणं हळूहळू दुरावलं, नोकरी टिकली. पुढे बाई भेटतील तिथे, भर बाजारातसुद्धा, खणखणीत आवाजात विचारत, “पाणी पेली काय वं?”

शेवटी त्या अकोल्याला भाच्याकडे राहत. त्या वारल्याचं कळलं तेव्हा बसस्टँडवर पोटभर पाणी पिऊन मी निघाले.

“मावशीच्या दुखण्यात घराकडं पाहाणंच झालं नाही,” भाचसून म्हणाली.

मी रांजणाचं झाकण काढलं, हात घातला. कड बुळबुळीत होती. पदर खोचला आणि तिला म्हटलं, “थोडी राख आण, आणि काथ्या.”