सुतळी, सफेदा आणि मस्कत

मस्कतला मी कसा गेलो, हे बायकोलासुद्धा आजवर धड सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो. पण आधी तो चहाचा कप खाली ठेवा. मागे एकाला सांगत होतो, तर हसता हसता त्याच्या नाकातून चहा आला!

तर तेव्हा लातूर नुकता जिल्हा झाला होता. काय थाट सांगू! कलेक्टर आले, त्यांची गाडी आली, गाडीवरचा दिवा आला. पाणी तेवढं यायचं राहिलं. पावसाने पाठ फिरवलेली, विहिरींचे तळ उघडे पडलेले. आणि अशा दिवसांत माझा, म्हणजे रेणापूरच्या बाबूचा, धंदा कोणता? प्लंबर!

हसू नका. मला काम भरपूर होतं. नवा जिल्हा म्हणजे नवे साहेब, नव्या साहेबांना नवी क्वार्टरं, आणि क्वार्टर म्हटलं की नळ पाहिजेत. त्या नळांना पाणीही पाहिजे, असं कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

हे काम मला शिकवलं गावातले जुने मिस्त्री रज्जाकचाचा यांनी. पाइपाला आटे पाडायचे, आट्यांवर सुतळी गुंडाळायची, वरून सफेदा, म्हणजे पांढरा लेप, फासायचा आणि मग पान्ह्याने आवळायचं, म्हणजे जोड गळत नाही. सुरुवातीला मी सगळं इमानाने केलं. मग एक दिवस डोक्यात उजेड पडला. पाणीच येणार नाही, तर गळणार काय? सुतळी बंद, सफेदा बंद! दोन दिवसांचं काम एका दिवसात व्हायला लागलं.

चाचा ओरडायचे, "अरे बाबू, सुतली तो लगा रे! आज नै तो कल, पानी आताच की!"

"पाणी आल्यावर बघू की चाचा. तुमाला लई घाई हाय का?"

ठेकेदार खूश. क्वार्टरं उभी राहिली तेव्हा त्याने मला शिक्का मारून दाखला दिला, 'यांनी केलेल्या कामात आजतागायत एकही गळती नाही.' त्यातला एक शब्द खोटा नव्हता. गंमत म्हणजे तो दाखला रोज वाचून वाचून मलाच पटायला लागलं, की आपल्या हाताला काहीतरी गुण आहे.

पुढे काम आटलं आणि नांदेडच्या एका एजंटाकडून कळलं, मस्कतला प्लंबर पाहिजेत. घरी नुसतं बोललो, तर सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, टँकरच्या रांगेत जाहीर करून टाकलं! दुसऱ्या दिवसापासून बायका तिला 'मस्कतवाली' म्हणून पुढे घ्यायला लागल्या. जिचा हंडा रोज शेवटी लागायचा, तिचा पहिला! निघताना तिने बजावलं, "बघा बरं. नापास झालात तर माझा हंडा परत मागं जाईल. म्या न्हाई जायची मागं."

परीक्षा नांदेडला, एका लॉजच्या मागच्या अंगणात. पांढऱ्याशुभ्र सफारीत मस्कतच्या कंपनीचे, मूळ केरळचे, एक साहेब बसलेले. मी दाखला पुढे केला. त्यांनी तो वाचून भुवया उंचावल्या. म्हटलं, झालं काम!

पाइप कापले, आटे पाडले, जोडणी अशी सरळ केली की ओळंबा लावून बघावी. बाकीचे बिचारे अजून सुतळ्या गुंडाळत बसलेले. सर्वांत आधी मी हात झटकून उभा राहिलो.

साहेब म्हणाले, "अच्छा. पानी खोलो."

मी अगदी मनापासून विचारलं, "पाणी कशाला साहेब?"

"नल में पानी नहीं, तो क्या दूध छोडूं?"

नांदेडला गोदावरी हो! वॉल्व्ह फिरवला आणि पाणी धो धो आलं. एका जोडणीतून माझ्या तोंडावर, दुसरीतून साहेबांच्या सफारीवर, तिसरीतून दाखल्यावर. एकही गळती नाही, ही अक्षरं माझ्या डोळ्यांदेखत निळी होऊन वाहून गेली.

"बंद करो! बंद करो!" साहेब ओरडत होते.

दुसरा कुणी असता तर वॉल्व्हकडे धावला असता. मी रेणापूरचा! मी बादलीकडे धावलो. "थांबा साहेब, एवढी बादली भरू द्या! वाया चाललंय!"

घरी येऊन सुमनला सांगितलं, "साहेब कळवणार हायेत." हंडा पुढेच राहिला. पण तिच्या नजरेला नजर द्यायची मला लाज वाटत होती.

आणि मग अघटित घडलं. लातूरच्या त्या क्वार्टरांना पाणी आलं! साहेबलोकांच्या बायकांनी नळांना हळदकुंकू वाहिलं, हार घातले, नारळ फोडला आणि तोट्या उघडल्या. तोटी सोडून सगळीकडून पाणी आलं. भिंतीतून, जिन्यातून, एका इंजिनीअर साहेबांच्या तर देवघरातून!

बातमी घेऊन चाचा धापा टाकत आले. "बाबू, भाग! ठेकेदार ने तेराच नाम बताया. तेरे कू पकडने जीप निकली है जीप!"

"आता काय करू चाचा?"

"सुतली लगा!" चाचा म्हणाले आणि हसत सुटले.

परीक्षेच्या आधीच काढून ठेवलेला पासपोर्ट खिशात घालून मी तडक नांदेड गाठलं. एजंटाला म्हटलं, "प्लंबर राहू द्या. हमाल करा, झाडूवाला करा, उंट हाका म्हणलात तरी हाकतो. पण आज पाठवा!"

एवढ्या तळमळीने परदेशी जाणारा माणूस त्याने पाहिला नसावा. त्याने मला हेल्पर म्हणून घातलं. मस्कतला उतरलो तर समोर तेच सफारीवाले साहेब! त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि पान्हा माझ्यापासून लांब ठेवायला सांगितलं. दोन वर्षं मी तिथे एकच काम केलं. लोकांच्या पाइपांना सुतळी गुंडाळली.

आता गावात मी मस्कतवाला. पोरं आदराने विचारतात, "काका, दुष्काळात लई लोकं गाव सोडून गेले म्हणं. तुमीबी त्याच्यामुळंच गेलात का?"

मी उसासा सोडतो, दूर कुठेतरी बघतो आणि होकारार्थी मान डोलावतो.

तुमच्यापासून काय लपवायचं? दुष्काळात मी मजेत होतो हो. पाणी आलं, म्हणून पळालो!