झडतीकार घरीच बसला

खऱ्या कलावंताला एक दिवस आपल्या कलेची व्यर्थता दिसते, असं मी बऱ्याच पुस्तकांत वाचलं आहे. पुस्तकांत ती समुद्रकिनारी किंवा मोठ्या आजारपणात दिसते. माझ्या मित्राला ती आटाचक्कीवर दिसली, गव्हाचा डबा पाळीला लावून उभा असताना.

हा मित्र आमच्या गावचा झडतीकार. गाव पांढरकवड्याहून बसनं अर्ध्या तासावर. मी शिकून बाहेर पडलो, तो तिथेच राहिला, शेती केली आणि उमेदीची सगळी वर्षं पोळ्याच्या झडत्या लिहिल्या. पोळ्याला बैलजोड्या तोरणाखाली रांगेनं उभ्या राहतात, डफडं थांबतं, आणि एक जण पुढे होऊन यमक जुळवलेल्या ओळी, म्हणजे झडती, खड्या आवाजात म्हणतो. त्यात सरपंचापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांची सालटी निघतात. शेवटी तो ‘हर बोला’ म्हणतो, गाव ‘हर हर महादेव’ गर्जतं, तोरण तुटतं आणि पोळा फुटतो.

मित्र हे काम फार मनावर घ्यायचा. एका शब्दासाठी मला आठवडाभर फोन करायचा. कपाशीच्या हंगामावरच्या त्याच्या दोन ओळी मला पाठ आहेत:

पऱ्हाटी आली गुडघाभर, तण आलं कंबरभर,
सरपंचाचं भाषन मात्र उगवलं गावभर.

तर चक्कीवाला त्याला म्हणाला, “भाऊ, मागच्या पोळ्यातली तुमची झडती अजून ध्यानात हाये.”

मित्र खुलला. “कोनती ओळ?”

“साऱ्याच.”

“एक तरी सांग.”

चक्कीवाल्यानं पट्टा तपासला, पीठ चिमटीत धरून पाहिलं. मग म्हणाला, “आवाज लई होता तुमचा.”

पुढच्या रविवारी मी गावी गेलो तेव्हा मित्रानं हे सांगितलं. मी म्हटलं, वर्षभरानं ओळी कोणाच्या लक्षात राहतात?

“तसं नाई गड्या,” तो म्हणाला. “कोनाले सांगू नोको. मागच्या साली म्या आंधीच्या सालचीच झडती म्हटली. शब्दाले शब्द. पाहाचं होतं, कोनी टोकते का.”

“मग?”

“तू तं पहिल्या रांगेत होता न.”

मी चहा प्यायलो. मी गावात वाचणारा माणूस म्हणून ओळखला जातो.

“यंदा जात नाई मी,” तो म्हणाला. “घरी बसतो. पाहू, कोनी बलवाले येते का.”

कोणी आलं नाही तर लिहिणं कायमचं सोडायचं, असं त्यानं ठरवलं होतं. कलावंतांनी असं जाहीर केलेलं मी पूर्वीही ऐकलं होतं, पण ते बहुधा सत्कारात, शाल अंगावर असताना. घरी बसून खरंच वाट पाहणारा हा पहिलाच. म्हणून पोळ्याला मी मैदानावर न जाता त्याच्या घरी गेलो.

तो दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसला होता. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा.

“जायाचं नाई तं इस्तरी कायले केली, इचारा तुमच्या दोस्ताले,” वहिनी मला म्हणाल्या. “सकाळपासून तीन डाव भांग पाडला.”

“घरात मानसानं नीट राहू नये का?” मित्र म्हणाला.

मैदान दोन गल्ल्या पलीकडे होतं. कर्ण्यावर गाणी लागली होती, खाली डफडं वाजत होतं. कर्णा बंद झाला, मग डफडंही थांबलं. मित्र उठून उभा राहिला. गल्लीत कोणी नव्हतं. तो पुन्हा बसला. तिकडची शांतता लांबत गेली. आता माणसं एकमेकांकडे बघत असतील, आता कोणाला तरी त्याची आठवण होईल, असं मलाही वाटायला लागलं.

मग कोणीतरी नुसतंच ‘हर बोला’ म्हटलं. गाव गर्जलं. गर्जना नेहमीएवढीच होती.

“झडतीच नाई झाली,” मित्र हळू म्हणाला. “अन् कोनाचं अडलं नाई.”

थोड्या वेळानं रिवाजाप्रमाणे जोड्या दारोदार पूजेला यायला लागल्या. पहिल्या दोन जोड्या आल्या, वहिनींनी पूजा केली, बैलांनी पोळी खाल्ली, मालक पुढे गेले. झडतीबद्दल कोणी बोललं नाही. मित्र कोपऱ्यातल्या भिंतीकडे बघत होता.

तिसरी जोडी शेजारच्या गल्लीतल्या एका तरुण शेतकऱ्याची. तो कासरा सावरत म्हणाला, “काकाजी, आजची झडती एक नंबर झाली बा.”

वहिनींचा हात ताटावरच थांबला. मी मित्राकडे पाहिलं.

“तू होता तिथं?” मित्रानं विचारलं.

“मांगं होतो, टरॅक्टरपाशी. नीट आयकू नाई आलं. पन सरपंचाले बराबर घेतला तुमी.”

आता मित्र खरं सांगेल म्हणून मी वाट पाहत होतो. त्यानं सदऱ्याची कॉलर सारखी केली.

“जास्त तं नाई झालं न?” तो म्हणाला.

“नाई नाई. पायजेच होतं.”

आधीच्या दोन जोड्यांना दोन-दोन पुरणपोळ्या मिळाल्या होत्या. या जोडीला त्यानं स्वतःच्या हातानं चार चारल्या.