आडवे टांगलेले चित्र

रसायनशास्त्र शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. कारणावाचून काही घडते, यावर माझा कधीच विश्वास नव्हता. म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो. तरी घडले तसेच लिहितो.

निवृत्तीनंतर पिंप्राळ्याच्या घरी मी अमूर्त चित्रे काढू लागलो. रंगाचे थर द्यायचे, सुरीने खरवडायचे, पुन्हा द्यायचे. चित्रकलेचे माझे शिक्षक म्हणत, "हात चांगला आहे तुमचा. पण चित्रात तुम्ही कुठे आहात?" मी आणखी एक थर देई. धुळ्याच्या सामूहिक प्रदर्शनात एक चित्र लावायचे. तिथेही मी मला सापडलो नाही, तर ब्रश ठेवून द्यायचा, असे मनाशी ठरवले होते.

तिथल्या मंडळींनी माझे उभे चित्र आडवे टांगले. सांगण्याचा धीर मला झाला नाही.

दुपारी एका चित्रकार मुलीचे आजोबा आले. चोपड्याकडचे शेतकरी, सगळे त्यांना नाना म्हणत होते. माझ्या चित्रापाशी थांबले ते हलेनात.

"हाई ते मन्हं वावर शे," ते मला म्हणाले. "तुम्ही कवय उनथात आमना गावले?"

मी त्यांच्या गावी कधीच गेलो नव्हतो.

"नाना, अमूर्त आहे ते," नात हसली. "त्यात कोणालाही काहीही दिसतं."

"तुले दिसत व्हई. मी चाळीस वरीस वखर हाकेल शे तठे." मग काळ्या रंगाच्या जाड थरावर त्यांनी बोट टेकवले. "आठे खाले पिवळा दगड शे, हद्दना. मातीमा बुजी गया."

नेमक्या त्याच जागी, पहिल्या थरात, मी पिवळा चौकोन काढला होता. फार धीट वाटला, म्हणून दुसऱ्याच दिवशी काळ्या रंगाने झाकला. घरी मी एकटाच असतो. हे कोणालाही ठाऊक नव्हते.

पुढच्या रविवारी मी नानांच्या शेतावर गेलो. हद्दीचा तो दगड नेमका कुठे, हे त्यांनाही इतकी वर्षे आठवत नव्हते. आडव्या टांगलेल्या चित्राच्या अंदाजाने खणले — हातभर खाली तो लागला. पिवळा रंग अजून शाबूत होता.

"चित्र काढाना पयले इचारी तरी लेवानं व्हतं," नाना म्हणाले.

प्रदर्शनात काळ्या थराखालचा उंचवटा नानांच्या बोटाला लागला असेल, हे मी मानतो. पण रंग? आणि जागा?

त्या चित्रात माझे म्हणावे असे काही असेल, तर तो चौकोनच होता — इतका माझा, की लाजून मी तो झाकला. तोच नानांचा निघाला. चित्रे मी अजून काढतो. मात्र एखादा रंग झाकायला घेतला की हात थांबतो. तो माझाच आहे का, हे ठरत नाही.