थांबा सिस्टरांचं नेमणूकपत्र

आमच्या हॉस्पिटलात त्यांना सगळे ‘थांबा सिस्टर’ म्हणत. कुरिअरवाल्यानं पावती पुढं केली, औषधांचं खोकं आलं, कुणी वाढदिवसाच्या वर्गणीची यादी फिरवली, तरी सही करण्याआधी त्या म्हणायच्या, “थांबा, वाचू द्या.” मग ॲप्रनच्या खिशातून सहा इंची प्लॅस्टिकची पट्टी निघायची. ती ओळीखाली धरून, ओठ हलवत, त्या शेवटपर्यंत वाचायच्या. कुरिअरवाला या पायावरून त्या पायावर होत उभा राहायचा. त्यांचं त्याच्याकडं लक्षही नसायचं.

माझी त्यांची ओळखही या वाचण्यातूनच झाली. सुरतेत भेस्तानकडच्या त्या खासगी हॉस्पिटलात नेमणुकांचं टेबल माझ्याकडं होतं. नवीन माणसाला नेमणूकपत्र टाइप करून द्यायचं, सही घ्यायची, मूळ प्रमाणपत्रं घेऊन कपाटात ठेवायची. नर्स मुली उभ्याउभ्या सही करायच्या. मी बोटानं दाखवायचो, इथं, इथं आणि मागं. या बाई मात्र खुर्ची ओढून बसल्या. वय चाळिशीच्या पुढं. बरीच वर्षं अतिदक्षता विभागात काढून त्यांनी पुन्हा दोन वर्षं शिक्षण घेतलं होतं, नर्स प्रॅक्टिशनरचं. म्हणजे डॉक्टर पोचेपर्यंत ठरलेल्या चौकटीत रुग्णाला तपासून उपचार सुरू करायचे. असं शिकलेली नर्स मी तरी पहिल्यांदाच बघत होतो.

तीन पानांचं इंग्रजी पत्र त्यांनी पाऊण तास वाचलं. मग विचारलं, “हे ‘गेस्ट’ कोण? पेशंट, की त्यांचे नातेवाईक?”

मी वाकून बघितलं. नवव्या कलमात खरंच ‘गेस्ट’ होतं. आमचा मसुदा फार पूर्वी कुणीतरी एका हॉटेलातून आणला होता. ‘हॉटेल’ खोडून ‘हॉस्पिटल’ केलं होतं, गेस्ट तसेच राहून गेले होते. इतकी वर्षं मीच ते छापत होतो. माझा चेहरा बघून त्या हसल्या. माझ्या आडनावावरून मी त्यांच्याच भागातला असा त्यांनी अंदाज केला असावा, कारण एकदम अहिराणीत म्हणाल्या, “भाऊ, हाई काय लिखेल शे, तुले बी माहीत नही का?” माझे आईवडील शिरपूरकडचे, त्या नंदुरबारच्या. त्या दिवसापासून त्या माझ्या ताई झाल्या.

त्यांना सगळ्यात जास्त राग ‘इत्यादी’ या शब्दाचा. पत्रात कामांची यादी होती आणि शेवटी ‘इत्यादी’. ताई म्हणाल्या, “या इत्यादीला मी घाबरते. आज त्यात चादरी मोजणं येईल आणि उद्या डॉक्टरांच्या नावानं सही करणंही येईल.” त्यांनी वहीच्या कागदावर मला लिहून दिलं, कोणते उपचार त्या स्वतः सुरू करतील, कोणते डॉक्टरांना विचारून, आणि त्यांनी फोन केल्यावर पंधरा मिनिटांत कुणी यायचं. त्या डॉक्टरचं नाव हवं, असा त्यांचा हट्ट. “‘उपलब्ध डॉक्टर’ नको. उपलब्ध म्हणजे कुणीच नाही.”

पगाराबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, “ते शेवटी. पगार वाढला की माणूस बाकीचं वाचत नाही.”

दोन दिवसांनी मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. साहेब सुरतीच, सर्जन, हाताला यश असलेले आणि बोलायला गोड. गेस्टवर ते मोकळेपणानं हसले. कामांची यादी त्यांनी मान्य केली, डॉक्टरांची नावंही घालू म्हणाले. गाडी अडली ती मूळ प्रमाणपत्रांवर. दोन वर्षं ती हॉस्पिटलकडं राहतील, असं आमचं कलम होतं.

“बेन, आ तो फक्त फॉर्मेलिटी छे,” साहेब म्हणाले.

“तो काढी नाखो ने, साहेब,” ताई शांतपणे म्हणाल्या. नुसती फॉर्मेलिटीच असेल तर काढूनच टाका.

साहेबांचा आवाज जरा चढला. “आजवर सगळ्यांनी दिली. कुणी बोललं नाही. तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?”

मी भिंतीकडं बघत उभा होतो. मला वाटलं, आता या उठून जाणार. त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, “आधीच्या नोकरीत मी दिली होती साहेब. या कोर्सला माझा नंबर लागला, तेव्हा प्रवेशासाठी मूळ कागद हवे होते. तिथल्या साहेबांनी तीन आठवडे उद्या या, परवा या केलं. मुदत संपली. पुढं परत परीक्षा देऊन शिकले, पण एक वर्ष गेलं. माझ्या वडिलांना मला नर्स प्रॅक्टिशनरचा बिल्ला लावलेलं बघायचं होतं, ते त्याच वर्षी गेले.” मग त्या म्हणाल्या, “विश्वास आहे म्हणूनच आता विचारतेय. नसता तर सही करून नंतर भांडले असते.”

साहेबांनी हातातला पेपरवेट बाजूला सारला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “झेरॉक्स घेऊन परत दे.”

सगळंच ताईंच्या मनासारखं झालं असं नाही. दोन वर्षं नोकरी न सोडण्याची अट दीड वर्षावर आली, गेली नाही. हॉस्पिटलच्या पदांच्या यादीत नर्स प्रॅक्टिशनर नव्हतं, म्हणून पत्रावर ‘सीनियर नर्स’ एवढंच आलं. ते वाचताना पट्टी त्या ओळीखाली जरा जास्त वेळ थांबली. मग त्यांनी सही केली.

पंधरा मिनिटांच्या त्या ओळीचा अर्थ मला पुढं कळला. पलसाण्याच्या एका रंगाईच्या कारखान्यातला कामगार धाप लागून भर दुपारी आला. ताईंनी ठरल्याप्रमाणं उपचार सुरू केले आणि फोन लावला. पूर्वी असा फोन एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडं फिरत राहायचा. आता कागदावर नाव होतं. ते डॉक्टर ताटावरून उठून आले. माणूस आठव्या दिवशी चालत घरी गेला. त्यानंतर साहेबांनीच मला बोलावून सांगितलं, ती ओळ सगळ्या अतिदक्षता नर्सांच्या पत्रात घाल.

प्रमाणपत्रांचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. एकदा ताई चहा पिता पिता म्हणाल्या, “त्या कपाटात अजून किती मुलींचे कागद आहेत रे?” त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण त्या आठवड्यात मी साहेबांची परवानगी काढली आणि एकेकीला बोलावून पाकिटं परत दिली. एक मुलगी पाकीट छातीशी धरून जिन्यावरच बसली.

चार वर्षांनी ताई नंदुरबारला नर्सिंग कॉलेजात शिकवायला निघाल्या. निरोपाच्या दिवशी माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, “सगळ्यांची पत्रं टाइप करतोस. तुझं दाखव.”

माझं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी साहेबांनी “कल से आ जाओ” म्हटलं होतं आणि मी आलो होतो.

“मग आज टाइप कर,” त्या म्हणाल्या. गाडीला दोन तास होते. त्या समोर बसून राहिल्या. माझी कामं मला मोजून लिहायला लावली आणि ‘इत्यादी’ दोनदा खोडायला लावलं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी सही केली. तेही जरा ओशाळले होते.

पत्र मी घरी नेलं. वडिलांनी अडतीस वर्षं कापडाच्या पॉवरलूमवर काढली. किती कारखाने बदलले, पण कुठल्याच कारखान्यानं त्यांना त्यांच्या नावाचा कागद दिला नाही. चष्मा शोधत ते म्हणाले, “तुनं नाव कोठे शे, दखाड मले.” मी दाखवलं. मग त्यांनी सगळं वाचायला लावलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. रजेचं कलम त्यांनी दोनदा ऐकलं.

मी नंदुरबारला फोन करून हे सांगितलं. ताईंनी विचारलं, “इंग्रजीतच वाचलंस का बाबांना?”

“नाही ताई. अहिराणीत सांगत गेलो.”

“मग झालं,” त्या म्हणाल्या आणि वर्गावर जायचंय म्हणून फोन ठेवला.