धवलारीण आणि रुचिताचा पिक्चर

रुचिता माझ्या लक्षात आली ती पाचवीत, मी तिच्या वर्गाला शिकवत होते तेव्हा. धडा वाचताना तिच्या तोंडी घरची आगरी बोली आली आणि वर्ग हसला. दुसरी एखादी खाली बसली असती. हिने पुढचा परिच्छेद मुद्दाम आणखी ठसक्यात वाचला. हसणं तिच्या ताब्यात आलं. मलाही हसू आवरलं नव्हतं.

पुढे ती गावातल्या निकेतच्या पार्टीत, म्हणजे लग्नाकार्यात कार्यक्रम करणाऱ्या पथकात, विनोदी कामं करू लागली. आमच्याकडे हळदीच्या मांडवात हल्ली कॉमेडी लागतेच. तिची धवलारणीची नक्कल पेणपासून अलिबागपर्यंत गाजली. कापरा आवाज, सारखा सावरायचा पदर, गाता गाता लागणारी डुलकी. धवलारीण म्हणजे धवले, लग्नविधींची गाणी, गाऊन लग्न लावणारी बाई. खरी धवलारीण रुचिताच्या घरातच होती, तिची जनीआत्या. नक्कल तिचीच, आणि तीही ती बघून हसायची.

एका हळदीत जनीआत्या गायला बसली, तर यजमान म्हणाला, "आत्ये, ऱ्हाऊ दे. तुजी भाची तुज्यापरीस बेस करते."

आत्या उठून घरी गेली. रुचिता मांडवामागे तोंडाला रंग लावत होती. तिने ते ऐकलं, रंग पुसला आणि स्टेजवर गेलीच नाही. ती नक्कल तिथे संपली.

मग वर्षभर खपून तिने फोनवर पिक्चर काढला. गोष्ट एवढीच, की धवलारीण लग्नाला जाते आणि तिला परत पाठवतात. काम खुद्द जनीआत्याचं. निकेतने विचारलं, हसवणारीचं रडगाणं कोण बघणार? मुंबईचा एक निर्माता पिक्चर घ्यायला तयार झाला, पण आत्याचं काम रुचिताने करावं, जरा हसवत करावं, असं त्याचं म्हणणं. तिने नकार दिला. मी म्हटलं, विचार तरी कर. त्यावर म्हणाली, "बाई, विचार करूनच 'नाय' बोलले."

पिक्चर तिने गावातच दाखवला, शाळेच्या हॉलमध्ये. पडद्यावर आत्याने कापऱ्या आवाजात धवला धरला आणि हॉल खदखदून हसला. लोकांना नक्कलच ठाऊक. खरी बाई त्यांना नकलेची नक्कल वाटली. आत्या पहिल्या रांगेत बसली होती. तिने मान खाली घातली.

रुचिताने पिक्चर थांबवला आणि दिवे लावले. "हसून घ्या सगली," ती शांतपणे म्हणाली. "ही चूक मीच तुमाला शिकवली. झाला हसून, की पयल्यापासून लावीन. पुन्ना हसलात तं पुन्ना लावीन."

दोघं-तिघं उठून गेले. तिने त्यांना अडवलं नाही. दुसऱ्यांदा आत्या गायली तेव्हा कोणी हसलं नाही. गाणं चांगलं सात मिनिटांचं आहे. त्यातला एक शब्दही तिने कापला नव्हता.

रुचिता आता हळदीची कामं घेत नाही. सकाळी पेणला झेरॉक्सच्या दुकानात बसते आणि दुपारनंतर मिठागरातल्या बायकांवरचा दुसरा पिक्चर काढते.