गच्चीवरच्या कोळशाच्या रेघा

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझं पित्त कधी कधी उसळलं ते तारीखवार पाठ आहे. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आमच्या सोसायटीचे सभासद नाही.

आधी विजयाचं सांगू? तो खरा आहे, आणि आठवला की आजही छाती फुगते. पनवेलमधली आमची जुनी वसाहत पुनर्विकासाला गेली तेव्हा मंजुरीत एक अट होती. नव्या गच्चीवर उन्हाने पाणी तापवणारे बंब हवेत, आणि त्यांच्यावर वर्षभर सावली पडता कामा नये. पडली, तर राहायला जायचा दाखला नाही. म्हणजे बांधून तयार घर समोर, आणि आम्ही कामोठ्यात भाड्याच्या खोल्यांत, किती दिवस ते देव जाणे.

जुनी इमारत अजून उभी होती तेव्हाच बिल्डरचा सल्लागार रंगीत नकाशा घेऊन सभेला आला. पाण्याची टाकी गच्चीच्या दक्षिण कडेला, जुनी होती तिथेच. बंब तिच्या मागे. त्याने मे महिन्यात गच्चीवर येऊन मोजमाप केलं होतं. सावली टाकीच्या पायाशी. सगळ्यांनी माना डोलावल्या — टाय घातलेल्या माणसासमोर त्या आपोआप डोलतात.

मी उठलो. मी सोसायटीचा सेक्रेटरी, कॉलेजातून निवृत्त झालेला ग्रंथपाल. वही उघडली आणि महिन्यागणिक मापं वाचली. पौषात टाकीची सावली अर्ध्या गच्चीवर जाते. म्हणजे ऐन थंडीत बंब गार. सल्लागार पंख्याखाली घाम पुसत राहिला. पुढच्या नकाशात टाकी उत्तरेला गेली. दाखला पहिल्याच तपासणीत मिळाला! आणि नव्या घरातल्या पहिल्या थंडीत सकाळी सहाला मजल्यामजल्यावरून ओरडा — नळाखाली हात पोळला! इतक्या आनंदाने भाजून घेणारी माणसं मी पाहिली नव्हती. मग शाल, नारळ, आणि जिन्यापाशी संगमरवरी पाटी: ‘सौरयोजनेचे शिल्पकार’, खाली माझं नाव. असल्या शालींवर मी जन्मभर हसलो. ही मात्र घरी नेली आणि — पांघरून आरशात पाहिलं.

मापं मीच घेतली होती, टेपने. पण कशाची?

जनाबाई आमच्या तळमजल्यावर राहायची. उरणकडची कोळीण, बाजारात मासळी विकायची आणि उरलेला जवळा, बोंबील जुन्या गच्चीवर सुकवायची. टाकीची सावली आली की माल कुजतो. म्हणून दर महिन्याला सावली कुठवर येते, तिथे ती कोळशाने रेघ ओढायची. पावसात धुऊन गेल्या की दिवाळीनंतर पुन्हा. किती वर्षं? मी कधी विचारलं नाही. गच्ची विद्रूप केल्याबद्दल मी तिला तीन नोटिसा मात्र दिल्या. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिन्ही मीच तिला खणखणीत आवाजात वाचून दाखवल्या.

सभेच्या आदल्या दिवशी चौथी द्यायला वर गेलो. ती जवळा पसरत होती. नव्या इमारतीतही टाकी तिथेच राहणार, असं मी सहज बोललो, तर ती हसायलाच लागली.

“वैशाखात सावली पायाशीच बसते, मास्तर. पौषात बगा, मांजरीसारकी कशी लांब होते. तो टायवाला थंडीत आंगोळ करत नाय काय?”

मी नोटीस खिशात ठेवली, खाली गेलो, आणि टेप घेऊन वर आलो. टेपचं दुसरं टोक तिनेच धरलं.

सभेत कुणीतरी विचारलं, एवढं सगळं जमवलंत कसं? जनाबाई शेवटच्या रांगेत बसली होती. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो — वर्षभर निरीक्षण केलं.

नंतर जिन्यात ती भेटली. “वरीसभर? मास्तर, तुमी तं नाक धरून जिना चढायचे!” आणि हसली. मीही हसलो. वाटलं, पचलं.

इथे थांबलो असतो तर फक्त खोटारडा ठरलो असतो. नव्या इमारतीत ती माझ्या दारात आली. गच्चीचा दक्षिणेचा कोपरा तेवढा मागत होती, बंबांपासून लांब. देता आला असता. पण ती गच्चीवर असती तर तिने कठड्याच्या सावलीलाही पुन्हा रेघा ओढल्या असत्या, आणि कुणीतरी विचारलं असतं — हे काय? मी नियमावलीत कलम घातलं: बंबांच्या सुरक्षेसाठी गच्चीवर काहीही वाळत घालू नये. जवळ्यापासून बंबांना कसला धोका? काहीच नाही. धोका मला होता. तेही कलम मीच तिला वाचून दाखवलं. या वेळी ती हसली नाही. “बरं,” म्हणाली. आता सुकवायची मासळी पाटीत घालून एसटीने उरणला बहिणीकडे नेते.

यंदाच्या पौषात मी एकटाच वर गेलो. बंब भर उन्हात, एकावरही सावलीचा ठिपका नाही. खालच्या कुठल्याशा न्हाणीघरात कुणीतरी मोठ्याने गात होतं. दक्षिणेचा कोपरा लख्ख तापलेला, रिकामा. ऊन कलेपर्यंत तिथे उभा राहिलो. मग खाली आलो आणि दाराला कुलूप लावलं.

गच्चीची किल्ली माझ्याकडेच असते.