डूखबाईंचा पूर्वपक्ष

"तुझा राग कुणावर आहे?"

मध्य प्रदेशातल्या आमच्या बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात, एम.ए.च्या पहिल्या तासाला आमच्या मॅडमनी हजेरी घेतली ती अशी. नाव नाही, गाव नाही, बी.ए.ला टक्के किती पडले तेही नाही. एकेकाला उभं करायचं आणि हाच प्रश्न. एक सालस मुलगा म्हणाला, "कुणावरच नाही, मॅडम." त्याच्याकडे दयेने बघत मॅडम म्हणाल्या, "मग इथे कशाला आलास? घरी पंखा नाही का?" राग नसलेल्या माणसाने समाजशास्त्राच्या वाटेला जाऊ नये, असं त्यांचं ठाम मत होतं. आम्हा मराठी पोरापोरींत त्यांचं नाव डूखबाई, कारण सापाने धरावा तसा त्या डूख धरायच्या. वर्गातली हिंदी मुलं सरळ नागिन मैडम म्हणायची. दोन्ही नावं त्यांना ठाऊक होती आणि दोन्ही आवडायची.

त्यांचे डूख सर्व आकारांचे होते. शनवारा दरवाजाजवळच्या एका भाजीवाल्याने कधीकाळी त्यांना किडकी वांगी दिली होती. तेव्हापासून मॅडम त्याच्या गाडीसमोरून रोज जायच्या, थांबायच्या, वांग्यांकडे बघायच्या आणि पलीकडच्या गाडीवर खरेदी करायच्या. तो बिचारा म्हातारा झाला, तरी यांचं बघणं चालूच. "राग येतो तो कुणालाही येतो," त्या म्हणायच्या. "तो सांभाळावा लागतो. लोणच्यासारखा. झाकण नीट लावलं नाही की बुरशी येते."

हे राग सांभाळायचं काम त्या आमच्याकडून पोझिशन पेपर लिहून घेऊन करवत. वादाचा एक विषय घ्यायचा, आपली बाजू ठरवायची आणि ती पुराव्यानिशी पटवून द्यायची, एवढं तर विद्यापीठाने सांगितलंच होतं. मॅडमनी त्याला स्वतःचा नियम जोडला होता. आधी पूर्वपक्ष लिहायचा, म्हणजे समोरच्याची बाजू. ती घेऊन ज्याच्यावर आपला राग आहे त्याच्याकडे, किंवा त्याच्या बाजूच्या एखाद्या जित्याजागत्या माणसाकडे जायचं आणि वाचून दाखवायची. तो जोवर "हो, हेच माझं म्हणणं" असं म्हणत नाही, तोवर उत्तरपक्षाची, म्हणजे आपल्या उत्तराची, एक ओळही वाचायची नाही. मॅडम सांगायच्या, "अर्धवट माणसाला हरवण्यात काय मजा? आधी त्याला पुरता उभा कर. मग पाड."

आमच्याबरोबर एक लग्न झालेली मुलगी होती. तिचा राग सासूवर होता. मॅडम खूश झाल्या. "झकास. विषय लिही, विवाहित स्त्रीने घराबाहेर नोकरी करावी का. पहिला सासूचा पूर्वपक्ष." पोरगी रडकुंडीला आली, पण गेली. सासू पाटावर बसून ऐकायची आणि दर वेळी मान हलवायची. "नळ कधी येतो, ते लिवलं नाही. तू गेली तं पाणी कोन भरन? मी?" तो मुद्दा आला. मग गुडघ्यांचा मुद्दा आला. मग शेजारणी काय म्हणतात, तोही आला. शेवटी एकदाची सासू म्हणाली, "हो, हेच माझं म्हननं. आता तुझं काय हाय, ते वाच." पोरगी नोकरीला लागली. पाणी कोण भरतं ते मी विचारलं नाही.

वादात कुणी हरलं की मॅडम त्याच्या घरी मावा जिलेबी पाठवायच्या. आपली बुऱ्हाणपूरची, काळी, जड, एकीतच पोट भरणारी. जिंकणाऱ्याला काही नाही. "जिंकलेल्याचं तोंड गोडच असतं," हे त्यांचं कारण. "हरलेल्याला गोड घालावं. खाताना त्याला आठवत राहतं की कुणी पाठवली." एवढा सभ्य सूड मी दुसरा पाहिलेला नाही.

त्यांचा सगळ्यांत मुरलेला डूख मात्र एकाच माणसावर होता. मॅडम कागद कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या. वडील खानदेशातून तिथे नोकरीला आलेले. तरुणपणी त्यांनी एका मोठ्या शहरातल्या परिषदेत आपला पहिला निबंध वाचला. अध्यक्ष होते एक नामांकित प्राध्यापक. त्यांना सगळे डॉक्टरसाहेब म्हणत. निबंध संपल्यावर डॉक्टरसाहेब हसले आणि भरल्या सभेत म्हणाले, "आपके यहाँ काग़ज़ बहुत बनता है, पर लिखने को कुछ नहीं।" सभा हसली. मॅडम ते वाक्य आम्हाला त्याच चालीत म्हणून दाखवायच्या, हसू नका असंही सांगायच्या. आम्ही हसत नसू. त्यांच्या तोंडाकडे बघून हसायची टाप नव्हती.

माझा राग मी पहिल्याच तासाला सांगितला होता. मी बहादरपूरची, केळीवाल्यांच्या घरातली. बुऱ्हाणपुरातल्या ज्या मराठी शाळेत मी चौथीपर्यंत शिकले, ती हिंदी माध्यमाची करायचं तिच्या संस्थेने मनावर घेतलं होतं. मला अक्षरं गिरवायला लावणाऱ्या पहिलीच्या बाई अजून तिथेच शिकवत होत्या, आणि हिंदीतून शिकवणं त्यांना या वयात जमणार नव्हतं. शाळा गेली की त्या गेल्या. हे माध्यम बदलायचा सल्ला संस्थेला दिला कुणी? डॉक्टरसाहेबांनी. निवृत्तीनंतर ते संस्थेचे सल्लागार झाले होते. मी हे नाव उच्चारलं तेव्हा मॅडमनी खडू खाली ठेवला. "बैस," त्या म्हणाल्या. "तुझा विषय ठरला. तास संपला की थांब."

मग आमच्या दोघींचं वैर एकत्र नांदू लागलं. पूर्वपक्ष वाचायला मी आमच्या चुलत्यांकडे गेले, कारण काका मनापासून हिंदीच्या बाजूचे. ते केळीच्या बागेत घडांना टेकू लावत होते. माझं अर्धं ऐकूनच म्हणाले, "नाही बाई. तू तं आम्हाले अडानी करून टाकलं. मराठी खराब हाय असं मी म्हनलोच नाही. मंडीत हिंदी, कचेरीत हिंदी, दवाखान्यात हिंदी. पोरगं कॉलेजले जाईन तं तिथं बी हिंदीच. मग चार साल मराठीत कायले घालवायचे, तेवढं सांग." मी ते तसंच लिहिलं आणि पुन्हा गेले. काकांनी हात पुसून सगळं ऐकलं. "हो," ते म्हणाले, "हेच माझं म्हननं. पन आता मले वाटते, तू लेक माझ्याइतकीच हट्टी हाय."

संस्थेने दोन्ही बाजू ऐकायला शाळेच्या सभागृहात सभा ठेवली. हिंदीच्या बाजूने डॉक्टरसाहेब, मराठीच्या बाजूने मी. मॅडमनी तयारी अशी करून घेतली की घरी आईने भाजीत मीठ जास्त झालं का विचारलं, तरी मी पुरावा मागायचे. आणि सभेच्या तोंडावर डॉक्टरसाहेब हृदयविकाराने गेले.

बातमी ऐकून मॅडम संतापल्या. दुसरा शब्दच नाही. पांढरी साडी नेसून शोकसभेला गेल्या आणि परत आल्या त्या तणतणत. "माणसाने एवढं तरी थांबावं," त्या म्हणाल्या. स्टाफरूममधल्या कुणीतरी सांगितलं, गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. मॅडम म्हणाल्या, "वाईट कुठे? मी आता चांगलंच बोलणार आहे." त्याचा अर्थ तेव्हा कुणालाच लागला नाही, मलाही नाही.

सभा ठरल्याप्रमाणे झाली. मी माझा पेपर वाचला. काकांच्या बाजूचा पूर्वपक्ष, मग माझा उत्तरपक्ष. संस्थेची माणसं माना डोलावत होती. मागच्या बाकावर पहिलीच्या बाई पदराला हात पुसत बसल्या होत्या, जणू परीक्षा त्यांचीच होती. अध्यक्षांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब तर गेले. त्यांच्या बाजूने बोलायला कुणी आहे का?" कुणी हललं नाही. आपण जिंकलो, असं मला वाटलं, आणि तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची सरकली.

"मैं हूँ," मॅडम म्हणाल्या.

त्या बोलल्या. त्या माणसाने आयुष्यभर सांगितलेला एकेक मुद्दा त्यांनी असा मांडला की तो गेलेला माणूस मला समोर दिसायला लागला, आणि आधीपेक्षा उंच. मंडी, कचेरी, दवाखाना, काकांचे शब्दसुद्धा त्यांनी वापरले. आणि शेवटी माझ्याकडे बोट केलं. "मेरी इस छात्रा ने मराठी स्कूल का पक्ष रखा। किस भाषा में रखा? हिन्दी में। और कितना अच्छा रखा।"

खरंच. माझा पेपर हिंदीत होता. आमच्याकडे कॉलेजातलं सगळं लिहिणं हिंदीतच होतं. पेपर कुठल्या भाषेत लिहायचा हा प्रश्न कधी माझ्या मनातही आला नव्हता, मराठीसाठी भांडताना सुद्धा नाही. मॅडमनी तो पेपर महिनोन् महिने तपासला होता. त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. अध्यक्ष हसले. सभा हसली. मला उत्तर सुचलं ते बहादरपूरच्या रिक्षात, वरातीमागून घोडं यावं तसं: मी हिंदीत एवढं चांगलं लिहू शकते, ते चौथीपर्यंत मराठीतून विचार करायला शिकले म्हणून. तोवर संस्थेने शाळा हिंदी करायचा निकाल देऊन टाकला होता. पहिलीच्या बाईंनी वर्ष संपायच्या आत राजीनामा दिला.

पण रिक्षाच्या आधी व्हरांडा होता. तिथे मी मॅडमना गाठलं. त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा उजळला होता. "त्या माणसाला जन्मात इतकं चांगलं मांडता आलं नसतं," त्या म्हणाल्या. "त्याच्याच बाजूने. त्याच्यापेक्षा चांगलं. लिहायला काही नाही म्हणे." मी म्हटलं, "आणि माझी शाळा, मॅडम?" त्या म्हणाल्या, "डूख माझा होता. किंमत भरलीस तू. ते खरं आहे." पायरीपर्यंत गेल्या आणि वळल्या. "आता तुझा राग कुणावर आहे, हे मला विचारावं लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी घरी मावा जिलेबीचा डबा आला. मी तोंड लावलं नाही. आईने जिलेबी गोठ्यात नेऊन म्हशीपुढे ठेवली आणि डबा घासून त्यात भरून ठेचा परत पाठवला. वर्गात मॅडमनी सगळ्यांदेखत मला निरोप दिला, "आईला सांग, ठेचा छान होता. तिखट कमी पडलं."

पुढे मी पीएच.डी. केली ती निव्वळ सूड म्हणून. विषय तोच, घरची भाषा आणि शाळा. माझं काहीही छापून आलं की मी ते मॅडमना पाठवायची, सोबत एक अक्षर न लिहिता. त्यांचा फोन यायचा. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "शेवटाकडे घसरलीस. भावनेवर गेलीस." मी फोन आदळायची आणि ते पान पुन्हा लिहायची. आज मी जे काही आहे ते त्या बाईवर दात खाता खाता झाले आहे, आणि याचं श्रेय त्यांना द्यायची माझी अजूनही इच्छा नाही.

गेल्या वर्षी त्यांचं मूत्रपिंडाचं दुखणं वाढल्याचं कळलं. मी बुऱ्हाणपूरला गेले. हातात फळं नव्हती, कागद होते. खाटेशेजारी बसून म्हटलं, "मॅडम, तुमचा पूर्वपक्ष आणलाय. ऐका." त्यांनी उशी सरळ करून घेतली. मी वाचलं: दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल होऊ नये म्हणून मॅडम उठल्या, मेलेल्या माणसावर एकतर्फी विजय नको म्हणून उठल्या, आपल्या विद्यार्थिनीलाही त्यांनी सूट दिली नाही, कारण न्याय मोठा. लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे कबूल करते.

मॅडमनी डोळे मिटून ऐकलं आणि नकार दिला. "नाही. हे माझं म्हणणं नाही. तू मला चांगली बाई करून टाकलीस." थोडा दम घेतला. "न्यायबिय काही नव्हतं. मला जिंकायचं होतं. शाळा जाईल हे मला दिसत होतं, तुझ्या त्या बाई मागे बसलेल्या दिसत होत्या, आणि तरी मी उठले. ते लिही. मग ये. मग तुझं ऐकते."

रिक्षातलं ते उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी दोन्ही भाषांतल्या सभांना ते ऐकवलं आहे, एका माणसाला सोडून. पण नियम तो नियम. मी कागद गुंडाळले आणि पुढच्या आठवड्यात येते म्हणून निघाले.

हा दुरुस्त केलेला पूर्वपक्ष. यात त्या चांगल्या बाई नाहीत. डूख धरणाऱ्या आहेत, एका मेलेल्या माणसाला हरवायला एक जिवंत शाळा बुडवणाऱ्या आहेत, आणि त्यांना ते माहीत आहे. मला वाटतं, या वेळी त्या "हो" म्हणाल्या असत्या. पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा दाराशी चपलांचा ढीग होता आणि आतून रडण्याचे आवाज येत होते. मी रडले नाही. मी भयंकर संतापले होते, तो संताप अजून ओसरलेला नाही.

माणसाने एवढं तरी थांबावं.